औषधाची वेळ हाही नियमच

चातुर्मास सुरू झाला की स्थानकांत, उपाश्रयांत आणि मंदिरांत तपाची चर्चा सुरू होते. कोणी एकाशनाचा संकल्प करतो, कोणी आयंबिलाचा, तर कोणी अठ्ठाईचा. अशा दिवसांतील एका घराचे चित्र वाचकांनी डोळ्यांसमोर आणावे. घरातील कर्ता पुरुष पंचावन्न वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याचे यकृत पूर्णपणे निकामी झाले होते. पत्नीने आपल्या यकृताचा मोठा भाग दिला, प्रत्यारोपण झाले आणि मृत्यूच्या दारातून तो परत आला. आज तो पूर्वीसारखा दुकानात बसतो, सकाळी सामायिक करतो, नातवंडांना शाळेत पोहोचवतो. आजारापूर्वी कित्येक वर्षे त्याने पर्युषणात अठ्ठाई केली होती. यंदा त्याच्या मनात पुन्हा तो भाव जागा झाला आहे. प्रकृती उत्तम आहे, रक्ताचे अहवाल चांगले आहेत; मग आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत तर काय बिघडणार, असा त्याचा प्रश्न आहे. पत्नीच्या मनात भीती आहे. परंतु कोणाच्या तपाला अंतराय करू नये, हा लहानपणापासूनचा संस्कार तिला बोलू देत नाही.

हे चित्र कल्पनेतील असले, तरी प्रश्न खरा आहे. अवयव प्रत्यारोपण झालेल्या व्यक्ती आता समाजात पुष्कळ दिसतात आणि त्यांच्या घरांत व्रत, उपवास व औषध यांचा मेळ कसा घालावा, हा पेच दरवर्षी उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्या गोळ्या शरीरात नेमके कोणते काम करतात आणि त्या चुकल्या तर काय घडू शकते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

शरीराची न विसरणारी ओळख

मनुष्यदेहात स्वतःचे कोणते आणि परके कोणते हे ओळखणारी एक व्यवस्था अखंड जागी असते. तिलाच प्रतिकारशक्ती म्हणतात. जंतू शरीरात शिरला की याच व्यवस्थेतील पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. दुसऱ्याचे यकृत शरीरात बसवले की या पेशींच्या दृष्टीने तेही परकेच असते. देणारी व्यक्ती पत्नी आहे, आई आहे की अनोळखी मृत दाता आहे, हा भेद त्यांना कळत नाही. त्या नव्या अवयवावर हल्ला करतात. या प्रक्रियेला वैद्यकशास्त्र रिजेक्शन, म्हणजे अवयवाचा अस्वीकार, असे म्हणते.

मूत्रपिंड किंवा हृदय यांच्या तुलनेत यकृत हा अवयव अधिक सहनशील मानला जातो. शरीर त्याला काहीसे सहज सामावून घेते. तथापि ही सहनशीलता मर्यादित असते. म्हणून प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधे बहुतेक रुग्णांना आयुष्यभर घ्यावी लागतात. लगाम फार सैल झाला तर अवयवावर हल्ला होतो, फार आवळला गेला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते आणि काही प्रकारच्या कर्करोगांची शक्यताही वाढते. डॉक्टर वारंवार रक्त तपासून औषधाची मात्रा अगदी थोडी थोडी बदलत असतात, त्यामागे हा तोल सांभाळण्याचे प्रयोजन असते.

अस्वीकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला तीव्र अस्वीकार. तो बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत होतो. रक्ततपासणीत तो लवकर लक्षात येतो आणि स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने बहुतेक वेळा आटोक्यात येतो. दुसरा प्रकार दीर्घकालीन अस्वीकाराचा, ज्याला डॉक्टर क्रॉनिक रिजेक्शन म्हणतात. तो मंद गतीने, आठवडे आणि महिने घेत वाढतो आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही.

आत काय घडते

यकृत पित्त तयार करते आणि ते पित्त झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या सूक्ष्म नलिकांमधून बाहेर पडते. दीर्घकालीन अस्वीकारात प्रतिकारशक्तीच्या पेशींचा रोख प्रामुख्याने या बारीक पित्तनलिकांवर असतो. नलिकांचे अस्तर झिजते आणि हळूहळू नलिकाच नाहीशा होतात. त्याच काळात यकृतातील धमन्यांच्या आतल्या बाजूस चरबीने फुगलेल्या पेशींचा थर साचून त्या अरुंद होतात. पित्तनलिकांना रक्त मिळते ते याच धमन्यांच्या शाखांमधून. त्यामुळे नलिकांवर दुहेरी आघात होतो. एकीकडे थेट हल्ला आणि दुसरीकडे पोषणाचा तुटवडा.

कॅनडातील बॅन्फ या गावी १९९१ मध्ये प्रत्यारोपित अवयवांचे विकृतिशास्त्र अभ्यासणाऱ्या तज्ज्ञांच्या परिषदा सुरू झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अस्वीकार कसा ओळखावा, याचे जगभर मान्य झालेले निकष त्याच परिषदांमधून पुढे आले. यकृताचा बारीक तुकडा काढून तपासला असता त्यातील निम्म्याहून अधिक ठिकाणी पित्तनलिका नाहीशा झालेल्या आढळल्या, तर आजार पुढच्या टप्प्यात गेला असे समजतात. त्याआधीच्या टप्प्यात नलिका आजारी दिसतात, परंतु बहुतांश शिल्लक असतात. या दोन टप्प्यांतील फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. पहिल्या टप्प्यात औषधांनी सुधारणेची आशा असते. दुसऱ्या टप्प्यात ती फार कमी होते.

बाहेरची लक्षणे उशिरा येतात. अंगाला सतत खाज सुटते, विशेषतः रात्री, थकवा जाणवतो, लघवी गडद आणि शौच फिकट होऊ लागते, डोळे पिवळे दिसू लागतात. त्याच्या बऱ्याच आधी रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी यांचे आकडे वाढू लागतात, पुढे बिलिरुबिन वाढते. याचा अर्थ स्पष्ट आहे. ‘मला काही होत नाही’ या भावनेवर विसंबून चालत नाही. ठरलेल्या दिवशी रक्त तपासणे हाच लवकर सावध होण्याचा मार्ग आहे. यकृतज्वर पुन्हा उद्भवणे, पित्तमार्ग अरुंद होणे, एखाद्या औषधाची बाधा होणे अशा कारणांनीही हेच आकडे वाढतात. म्हणून निदान अंदाजाने करता येत नाही, त्यासाठी बहुधा बायोप्सी करावी लागते.

मातीतून आलेली औषधे

ही औषधे किती परिश्रमांतून हाती आली, हे जाणले तर त्यांच्याविषयी आदर वाटल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये मानवी यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. तो बालरुग्ण शस्त्रक्रियेतच दगावला. १९६७ मध्ये त्यांच्याच चमूने केलेल्या प्रत्यारोपणानंतर एक लहान मुलगी वर्षाहून अधिक काळ जगली. शस्त्रक्रियेचे तंत्र हळूहळू साधत गेले. परंतु शरीराचा अस्वीकार रोखणारे परिणामकारक औषध नसल्याने त्यानंतरही बरीच वर्षे बहुतेक रुग्ण फार काळ जगू शकत नव्हते.

पुढे सायक्लोस्पोरिन आले. ते नॉर्वेच्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून मिळाले आणि अमेरिकेत १९८३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा परिसरातील मातीच्या नमुन्यातून मिळालेल्या जिवाणूमध्ये आणखी प्रभावी द्रव्य सापडले. तेच आजचे टॅक्रोलिमस. पिट्सबर्ग येथे १९८९ मध्ये स्टार्झल यांनी ते रुग्णांवर प्रथम वापरले आणि १९९४ मध्ये यकृत प्रत्यारोपणासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज जगातील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपित रुग्णांच्या उपचाराचा पाया हेच औषध आहे. सायक्लोस्पोरिनपूर्वीच्या आणि सुरुवातीच्या काळात शंभरातील पंधरा-वीस रुग्णांना दीर्घकालीन अस्वीकार गाठत असे. आता प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण शंभरात पाच किंवा त्याहूनही कमी झाले आहे.

मातीच्या कणाकणांत असंख्य सूक्ष्म जीव आहेत, ही गोष्ट जैन श्रावकाला नवी नाही. जीवांचे परस्परांवर उपकार असतात, हे तत्त्वही तो स्वाध्यायात ऐकतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जीवांचा उपकार रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या तळहातावर येतो, याचे भान ठेवले तर गोळी घेणे कंटाळवाणे वाटणार नाही.

भारतात पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. जन्मतः पित्तमार्ग बंद असलेल्या वीस महिन्यांच्या बालकाला त्याच्या वडिलांनी यकृताचा भाग दिला. ते बालक पुढे मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. प्रत्यारोपित यकृत काही दशके साथ देऊ शकते, याचे हे आश्वासक उदाहरण आहे.

अस्वीकार कोणाला गाठतो

वारंवार तीव्र अस्वीकार झालेले रुग्ण, स्टेरॉइडला दाद न देणारा अस्वीकार झालेले रुग्ण आणि मूळचा आजारच प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा असलेले रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. इतर आजारामुळे औषधाची मात्रा कमी करावी लागली, तरीही तो वाढतो. आणि एक कारण असे आहे की ज्यावर रुग्णाचे व कुटुंबाचे नियंत्रण असते, ते म्हणजे औषध चुकणे.

औषध एकदम सोडून देणारे रुग्ण थोडे असतात. बहुधा ते थोडे थोडे चुकत जाते. लग्नाच्या गडबडीत रात्रीची गोळी राहते. शिखरजीच्या वा पालिताण्याच्या यात्रेत औषधांचा डबा धर्मशाळेत राहतो. पैशांची ओढाताण असलेल्या महिन्यात दोनऐवजी एकच गोळी घेतली जाते. शिक्षणासाठी वसतिगृहात गेलेला मुलगा आईची आठवण करून देणारी हाक नसल्याने वेळ विसरतो. लहानपणी प्रत्यारोपण झालेल्या मुलांत किशोरवय हा सर्वांत नाजूक काळ असतो, असा सर्वत्र अनुभव आहे. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी काहीच झालेले दिसत नाही आणि त्यामुळेच धीर वाढतो. जैन तत्त्वज्ञानात कर्मबंधाच्या कारणांमध्ये प्रमादाची गणना केली आहे. प्रमाद म्हणजे असावधता. या आजाराच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ अगदी रोजच्या व्यवहारात उतरतो.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. सर्व औषधे वेळेवर घेऊनही काही रुग्णांना दीर्घकालीन अस्वीकार होतो. अशा रुग्णाला ‘तूच काहीतरी चुकला असशील’ किंवा ‘पूर्वकर्माचे फळ’ असे सुनावणे ही हिंसाच आहे. कर्मसिद्धांत दुसऱ्याला दोष देण्यासाठी सांगितलेला नाही. तो माणसाला पुरुषार्थाची दिशा दाखवतो आणि उपचार हा त्या पुरुषार्थाचाच भाग आहे.

व्रत आणि औषध

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. टॅक्रोलिमस सामान्यतः दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने घ्यावे लागते. महाराष्ट्रात जून महिन्यात दिवस तेरा तासांहून मोठा असतो. तेव्हा सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी अशा दोन वेळा बसवता येतात. डिसेंबरात मात्र दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. नवकारशी पाळून चौविहार करायचा म्हटले तर हाती उरतात सुमारे दहा तास. दर ऋतूत वेळ मागे-पुढे सरकवणे या औषधाला मानवत नाही. दिवसातून एकदाच घेण्याच्या स्वरूपातही ते मिळते. ते आपल्याला चालेल का, हे मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

निर्जळ उपवासात आणखी एक धोका आहे. टॅक्रोलिमसमुळे मूत्रपिंडांवर आधीच ताण येत असतो. शरीरातील पाणी कमी झाले की तो ताण वाढतो. म्हणून गोळी घेतली तरी दीर्घ अनशन सुरक्षित ठरत नाही.

मग धर्म आणि औषध यांत विरोध आहे काय? परंपरेचे उत्तर मुळातच करुणेचे आहे. श्वेतांबर परंपरेत पच्चक्खाण घेताना त्याच्यासोबत काही आगार, म्हणजे अपवाद, उच्चारले जातात. त्यांत ‘सर्वसमाधी’चा एक आगार आहे. आजारात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घ्यावे लागले, तर त्याने पच्चक्खाण भंगत नाही, असा त्याचा आशय आहे. ज्या पूर्वाचार्यांनी व्रताचे शब्द योजले, त्यांनी आजारी माणसाचा विचार त्याच वाक्यात करून ठेवला आहे. दिगंबर परंपरेत सोळाकारण भावनांमध्ये शक्तितस्तप ही भावना येते. तप आपल्या शक्तीनुसार करावे, शक्ती लपवू नये आणि तिच्यापलीकडेही जाऊ नये, अशी तिची शिकवण आहे.

शिवाय अनशन हे तपाच्या बारा प्रकारांपैकी केवळ एक आहे. ऊनोदरी आणि रसपरित्याग ही बाह्य तपे वैद्यकीय सल्ल्याने झेपतील एवढ्या प्रमाणात करता येतात. प्रायश्चित्त, विनय, स्वाध्याय, ध्यान ही आभ्यंतर तपे तर कोणत्याही गोळीच्या आड येत नाहीत. वैयावृत्त्य, म्हणजे रुग्णाची वा साधूंची सेवा, हेही आभ्यंतर तपच आहे. रुग्णाच्या औषधांचा डबा दर रविवारी भरून ठेवणारी पत्नी, रक्ताचा अहवाल आणायला रजा काढणारा मुलगा, सासऱ्यांसाठी ताजे अन्न वेगळे शिजवणारी सून हे सर्व तपस्वीच आहेत. त्यांचा वरघोडा निघत नसला, तरी त्यांच्या तपाचे मोल कमी होत नाही.

घरातील काही पथ्ये

प्रत्यारोपण झालेल्या घराने काही गोष्टी कायम लक्षात ठेवाव्यात. रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी तपासायची असेल, त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच गोळी घ्यावी. आधी घेतल्यास आकडा फसवा येतो. गोळी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये, डॉक्टरांना फोन करून विचारावे. उलटी किंवा जुलाब झाले तरीही कळवावे, कारण त्यामुळे औषधाची रक्तातील पातळी बदलते.

दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी औषध घेताना आपले प्रत्यारोपण झाल्याचे प्रथम सांगावे. बुरशीवरील काही औषधे, क्लॅरिथ्रोमायसिन व एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि रक्तदाबासाठीचे डिल्टियाझेम टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन ती एकदम खाली आणतात. पातळी खाली आली की अस्वीकाराला वाट मिळते. ग्रेपफ्रूट आणि त्याच जातकुळीतील पपनस ही फळे टाळावीत, कारण त्यांनीही औषधाची पातळी वाढते.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली घरोघरी जे काढे आणि चूर्णे घेतली जातात, त्यांपासून या रुग्णाने दूर राहावे. जी शक्ती औषधाने जाणीवपूर्वक रोखून धरलेली आहे, तिलाच चेतवणे म्हणजे स्वतःच्या यकृतावर हल्ला ओढवून घेणे होय. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला काढा असला, तरी तो नम्रपणे नाकारावा.

अनेक श्रावकांना आणखी एक गोष्ट सलते. या औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. हा मनाचा सल खरा आहे आणि तो डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडावा. औषध अन्य स्वरूपात मिळू शकते का, हे ते सांगू शकतील. परंतु स्वतःच्या मनाने कॅप्सूल फोडून औषध घेऊ नये आणि कंपनी वा प्रकार परस्पर बदलू नये. बदल करावाच लागला, तर त्यानंतर रक्तातील पातळी पुन्हा तपासून घ्यावी.

याउलट, जैन घरातील कित्येक सवयी या रुग्णाला उपकारक ठरतात. उकळून गाळलेले पाणी, शिळे न खाण्याचा नियम, लवकर जेवण, मद्याचा संपूर्ण त्याग हे सर्व जंतुसंसर्ग टाळण्यास आणि यकृत जपण्यास साहाय्यक आहे. कच्चे मोड आलेले धान्य, न उकळलेले दूध आणि बाहेरची कापलेली फळे मात्र टाळावीत.

काही रुग्णांची औषधे पुढे पूर्णपणे बंद करता आली, असे कधी कधी कानावर येते. हे असत्य नाही. परंतु असे रुग्ण काटेकोरपणे निवडलेले असतात आणि ते प्रयोग कडक वैद्यकीय देखरेखीत, वारंवार तपासण्या करून होतात. त्यांचे अनुकरण घरी करता येत नाही.

दुसरे यकृत कोठून आणायचे

दीर्घकालीन अस्वीकाराचे निदान वेळीच झाले, तर टॅक्रोलिमसची मात्रा वाढवून, सायक्लोस्पोरिनवर असलेल्या रुग्णाला टॅक्रोलिमसवर आणून किंवा मायकोफेनोलेट, एव्हरोलिमस यांसारखे दुसरे औषध जोडून काही रुग्णांमध्ये यकृत वाचवता येते. नलिका बहुतांश नष्ट झाल्या असतील, तर पुन्हा प्रत्यारोपण एवढाच मार्ग उरतो. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कठीण असते आणि तिचे परिणामही सामान्यतः पहिलीइतके चांगले नसतात.

याहून कठीण प्रश्न दात्याचा आहे. भारतातील बहुतेक यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या यकृतावर होतात आणि दात्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. पत्नी, आई, बहीण, मुलगी यांच्या यकृताचा साठ टक्क्यांपर्यंतचा भाग काढला जातो. उरलेले यकृत काही आठवड्यांत व महिन्यांत वाढून जवळजवळ मूळ आकाराचे होते. परंतु तीच व्यक्ती पुन्हा यकृत देऊ शकत नाही. मृत दात्यांचे अवयव गरजेच्या मानाने अत्यंत अपुरे आहेत. ज्या घराने एकदा सर्वस्व पणाला लावले, त्याला दुसऱ्यांदा कोणाकडे पाहावे हे कळत नाही. ‘आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत तर काय बिघडणार’ या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. ते यकृत केवळ घेणाऱ्याचे नाही. त्यात देणाऱ्याच्या देहाचा अंश आहे. त्याचे रक्षण करणे हे अस्तेय आणि अहिंसा या दोन्ही व्रतांशी सुसंगत कर्तव्य आहे.

समाजाने या बाबतीत दोन गोष्टी कराव्यात. पहिली, मरणोत्तर अवयवदानाचा संकल्प कुटुंबाला सांगून करावा. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचा मार्ग भारतात खुला केला आहे. परंतु त्या क्षणी निर्णय कुटुंबाच्या हाती असतो, म्हणून त्यांना आधी ठाऊक असणे आवश्यक आहे. नेत्रदानात जैन समाज उत्साहाने पुढे आला. त्याच भावनेने यकृत, मूत्रपिंड आणि हृदय यांच्या दानाकडेही पाहता येईल.

दुसरी गोष्ट औषधदानाची. चार दानांत औषधदानाला स्थान आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी समाज धावून येतो, ट्रस्टकडून मदत मिळते, नातेवाईक थैली उघडतात. परंतु पाचव्या वा दहाव्या वर्षाच्या गोळ्यांसाठी कोणी आवाहन करीत नाही आणि कोणी विचारीतही नाही. मदत मागण्याची लाज वाटून एखादा रुग्ण चुपचाप मात्रा कमी करतो आणि तेथूनच अस्वीकाराची सुरुवात होते. दरमहाच्या औषधांची आणि नियमित रक्ततपासणीची जबाबदारी घेणारा छोटासा कायमस्वरूपी निधी प्रत्येक संघाने उभारला, तर मोठ्या शस्त्रक्रियेला दिलेले दानही वाया जाणार नाही.

पुन्हा त्या घरात

आरंभीच्या चित्रातील पत्नी अखेर बोलते असे मानू या. एका संध्याकाळी ती पतीला म्हणते, “अहो, अठ्ठाईचा भाव झाला, याची अनुमोदनाच करते मी. पण पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारू, मग महासतीजींना.” डॉक्टर अनशनाला स्पष्ट नकार देतात आणि औषधाची वेळ बदलू नये असे सांगतात. महासतीजी सर्व ऐकून घेतात आणि तपाचे बारा प्रकार समजावून सांगतात. आपण अंतराय केला नाही, हे त्या दिवशी पत्नीच्या ध्यानात येते. संवत्सरीपर्यंत तो गृहस्थ रोज दोन सामायिके करतो, आठ दिवस गोडधोड सोडतो, सूर्यास्तापूर्वी जेवतो आणि रात्रीच्या औषधापुरता आगार ठेवतो.

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण आटोपून तो घरी येतो. आठ वाजायला आले आहेत. पत्नी उकळून गार केलेले पाणी आणि गोळ्यांची छोटी वाटी समोर ठेवते. नवकार मंत्र म्हणून तो गोळी घेतो. मग हात जोडून सर्वांत आधी तिला मिच्छामि दुक्कडं म्हणतो.